ऊनभात डॉट कॉमचे दाजी

आमच्या गल्लीत संध्याकाळी एखादा साठीचा माणूस गच्चीच्या कठड्याला पोट टेकून, दोन्ही तळवे तोंडाभोवती धरून, "बेस्ट हायफन कुकर हायफन ऑनलाइऽऽन!" असं ओरडताना दिसला तर घाबरू नये. ते दाजी. ते डोमेन तपासत असतात.

डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, ज्याच्या शेपटाला डॉट कॉम असतं ते. ते कसं निवडावं हे पुष्कळ लोकांनी इंटरनेटवर सांगून ठेवलंय. दाजींची रीत मात्र मला कुठेच सापडली नाही. दाजी गच्चीवरून नाव ओरडणार आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या चावीपाशी, म्हणजे सार्वजनिक नळाशी, घागर भरणाऱ्या सुशीलाकाकूंनी ते जसंच्या तसं परत ओरडायचं.

त्या दिवशी चावीकडून उत्तर आलं, "दाजी, कुकर कळला. त्यो हायफन कोण? त्येलाबी जेवायला बलवलाय काय?"

"नापास!" दाजी म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "हाळी मारल्यावर बांधाच्या पलीकडं जात न्हाई, ते नावच न्हवं. इंटरनेट म्हंजे तरी काय रे कॉलेज? लांबचं रानच की."

कॉलेज म्हणजे मी. मी मुरगूडकडचा. दाजींच्या गच्चीला लागून जी पत्र्याची खोली आहे, तिथे भाड्याने राहतो आणि बी.एस्सी. कॉम्प्युटरला जातो. आमच्या घरात कॉलेजला आलेला मी पहिलाच. त्यामुळे मी कॉम्प्युटर शिकतो म्हणजे मला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं, असं आमच्या घरी वाटतं. गल्लीलाही तसंच वाटतं. पहिल्या आठवड्यात कुणीतरी मला मिक्सर दुरुस्तीला आणून दिला होता. मी नाही म्हणू शकलो नाही, आणि तो मिक्सर दाजींनी दुरुस्त केला. आमची ओळख अशी झाली.

दाजी हे त्यांचं नाव नाही, हे मला बरंच उशिरा कळलं. आक्का, म्हणजे त्यांची बायको, ह्याच गल्लीत जन्मली, ह्याच घरात वाढली. लग्न झाल्यावर ती नांदायला कुठे गेली नाही, नवराच इकडे आला. गल्लीच्या लेकीचा नवरा म्हणून सगळ्यांनी त्यांना दाजी म्हणायला सुरुवात केली, आणि ते थांबलंच नाही. बालवाडीतली पोरं त्यांना दाजी म्हणतात. काठी टेकत येणारे म्हातारे बापू पैलवान त्यांना दाजी म्हणतात. भाजीवाली दाजी म्हणते. गल्लीत नवीन आलेलं कुत्रंसुद्धा त्यांच्यावर भुंकताना जरा मान राखून भुंकतं, असं पप्पूदादा म्हणतात. पप्पूदादा म्हणजे समोरच्या घरातले टेम्पोवाले. दाजींची थट्टा करणं हा त्यांचा जोडधंदा.

दाजींनी अख्खी हयात बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानात उभं राहून काढली. मालकाच्या मुलांना भांड्यांत रस नव्हता, दुकान बंद झालं आणि दाजी घरी बसले. बसले म्हणजे काय, आक्कांच्या मांडणीवरची सगळी भांडी खाली उतरवायचे, फडक्याने पुसायचे आणि मापाप्रमाणे परत लावायचे. आक्का चहाला पातेलं मागायला गेल्या की विचारायचे, "कितीजणांसाठी पायजे? रोजच्या वापराला का पावण्यांस्नी?" शेवटी आक्का वैतागून गल्लीला म्हणाल्या, "ह्यांना कायतरी दुकान काढून द्या रे कुणीतरी, न्हाईतर मी माहेरी जातो!"

आणि माहेरी तर त्या होत्याच.

तेव्हा पप्पूदादांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. घट्ट शर्ट घातलेला एक मुलगा सांगत होता, की आपण एक पान तयार करायचं, त्यात दुसऱ्याच्या मालाची माहिती लिहायची, खाली एक बटण द्यायचं. ते दाबून कुणी माल घेतला तर आपल्याला कमिशन. ह्याला म्हणायचं अ‍ॅफिलिएट मार्केटिंग. दाजींनी व्हिडिओ दोनदा बघितला.

"म्हंजे माल आपला न्हाई, गोडाऊन आपलं न्हाई, नुसतं तोंड आपलं?"

"व्हय, दाजी."

"मग आजवर मी दुसरं काय करत हुतो?"

दुसऱ्या दिवशी पप्पूदादांच्या पुतण्याचा जुना लॅपटॉप आला, आणि त्यापाठोपाठ मला बोलावणं.

विकायचं काय, यावर चर्चा झालीच नाही. दाजी म्हणजे कुकर. कुकरची शिट्टी ऐकून ते आत काय शिजतंय आणि गॅसकेट किती दिवसांची सोबती आहे ते सांगतात. अडलं ते नावावर. व्हिडिओतल्या मुलाने सुचवलेलं लांबलचक इंग्रजी नाव मी वाचून दाखवलं तेव्हा दाजी म्हणाले, "हे नाव न्हवं, ही एष्टीची पाटी हाय. वाया कागल तेवढं ऱ्हायलंय." मी भीत भीत 'कोल्हापुरी कुकर' सुचवलं. त्यावर त्यांनी मान हलवली. "कोल्हापुरी म्हटलं की माणूस खाली पायाकडं बघतोय. आपल्याला त्येनं शेगडीकडं बघायला पायजे." एका नामांकित कंपनीचं नाव जोडून घ्यावं असं पप्पूदादा म्हणाले, तर दाजींनी ते मोडून काढलं. "दुसऱ्याच्या बापाचं नाव लावायचं न्हाई." योगायोगाने नियमातही तेच होतं.

मग मला एक सुरेख, आटोपशीर नाव रिकामं सापडलं. मी आनंदाने खाली धावत गेलो. दाजींनी विचारलं, "हिकडं यायच्या आधी कुणाकडं नांदत हुतं?" जुन्या वेबसाइटी कशा दिसत होत्या ते बघायची सोय असते. तिथे बघितलं तर त्या नावावर पूर्वी पत्त्यांचा जुगार चालायचा. दाजी मला म्हणाले, "कॉलेज, स्थळ बघताना रूप शेवटी बघायचं."

डॉट कॉमशिवाय दुसरं कोणतंही शेपूट त्यांना मान्य नव्हतं. डॉट एक्सवायझेड स्वस्तात मिळत होतं. "आडनाव ईचारल्यावर पावणा एक्सवायझेड म्हणाला तर त्येला घरात घेशील काय?" मी म्हणालो, नाही घेणार.

अशी कितीतरी नावं गच्चीवरून गेली आणि चावीपाशी पडली. शेवटी एका संध्याकाळी दाजींनी छाती भरून हाळी दिली, "ऊऽऽऽनभाऽऽत!"

सुशीलाकाकू उत्तर देणार तेवढ्यात रस्त्यावरून सायकलवर चाललेल्या एका अनोळखी माणसाने कचकन ब्रेक दाबला, वर बघितलं आणि म्हणाला, "कुठं वाढालाय ओ?"

"पास!" दाजी जवळजवळ नाचलेच. "कॉलेज, बघितलास? वळखीचा न्हाई, पाळखीचा न्हाई, जाता जाता थांबला. ह्येलाच तुमच्यात ट्रॅफिक म्हणत्यात न्हवं?"

त्या सायकलवाल्याला आक्कांनी खरोखरच ताटात भात वाढला. तो जेवून गेला. कुकर काही त्याने घेतला नाही.

डोमेन नोंदवताना मालकाचं पूर्ण नाव लागतं. दाजींनी ते सांगितलं तेव्हा निम्मी गल्ली दारात उभी होती.

"दत्तात्रय?" पप्पूदादा म्हणाले. "आयला दाजी, तुमास्नी नाव हाय व्हय?"

सुशीलाकाकूंनी दोनदा म्हणून बघितलं, "दत्तात्रय... दत्तात्रय..." आणि म्हणाल्या, "न्हाई बाई. आंगाला बसत न्हाई."

नाव नोंदलं म्हणजे बारसं आलंच. आक्कांनी घुगऱ्या शिजवल्या, घरोघर वाटी गेली. लॅपटॉपच्या कानात 'कुर्र' करायचं राहिलं, कारण त्याचा कान कोणता यावर एकमत झालं नाही.

नावानंतर होस्टिंग. वेबसाइट ज्या कॉम्प्युटरवर ठेवायची असते तिथली भाड्याची जागा म्हणजे होस्टिंग, असं मी दाजींना समजावलं. ते त्यांनी लगेच दुरुस्त केलं. "भाड्याची जागा न्हवं. नाव म्हंजे लेक, होस्टिंग म्हंजे सासर. लेक कितीबी गुणाची असू दे, सासर बेकार निघालं की तोंड उघडायला चार-चार मिन्टं लावती. सासरचं मला सांगू नको. मी सोत्ता सासरी नांदलेला माणूस हाय."

ह्या विषयात त्यांच्याइतका अनुभव असलेला पुरुष मी दुसरा बघितलेला नाही, त्यामुळे मी वही मिटली.

कंपन्यांच्या जाहिराती मी वाचायचो आणि दाजी निकाल द्यायचे. एकाने लिहिलं होतं, सगळं अनलिमिटेड. "पांढरा रस्सा अनलिमिटेड लिहिलेल्या खानावळीत तिसऱ्या वाटीला वाढपी दिसत न्हाई. फुडं." एकाचा दर पहिल्या वर्षी अगदी कमी आणि दुसऱ्या वर्षापासून भलताच होता. "पयल्या वर्षी लाडाची सून, मग हाय धुणं-भांडी. फुडं." एकाचे सर्व्हर सिंगापूरला होते. "लेकीला बघायला जायचं तर पासपोर्ट काढू काय?" एकाने नाव आणि जागा दोन्ही एकत्र आमच्याकडेच ठेवा, सवलत देतो, असं म्हटलं होतं. ह्यावर दाजी म्हणाले, "लेकीची पेटी सासरच्या ताब्यात द्यायची न्हाई. वाईट येळ आली तर उचलून आणता यायला पायजे." पुढे कॉलेजात आमच्या मॅडमनी हाच सल्ला दिला, पण त्यात पेटी नव्हती.

उरलेल्या तीन कंपन्यांना त्यांनी फोन लावायला सांगितलं, तोही भर जेवणाच्या वेळेला. पहिल्या ठिकाणी नुसतं संगीत वाजत राहिलं. दुसऱ्या ठिकाणी एक मुलगी इतक्या वेगाने बोलली, की दाजी फोन कानापासून लांब धरून म्हणाले, "हिला कुणीतरी पाणी द्या." तिसऱ्या ठिकाणी एक तरुण आवाज आला, हिंदीत. दाजींनी त्याला सर्व्हर विचारला नाही, वेग विचारला नाही.

"बेटा, जेवलास का? खाना? खाना खाया?"

पलीकडचा आवाज हळू झाला. "नहीं काका. शिफ्ट चालू है."

"तुमची बॅकअपची सोय...," मी कुजबुजलो.

दाजींनी मला हाताने गप्प केलं. "पयले खाना खा. मैं बाद में करता फोन." आणि फोन ठेवून जाहीर केलं, "हितं द्यायची. काका म्हणाला त्यो."

नंतर कळलं, की बॅकअपची सोय त्यांच्याकडेच चांगली होती. पण ते नंतर.

पान तयार झालं. ते मी बनवलं, पण मजकूर दाजींचा. असं पान मी त्याआधी आणि त्यानंतर कुठेही बघितलेलं नाही. प्रत्येक कुकरखाली आधी त्याचे दोष लिहिलेले. 'हा बरा आहे, पण हँडल वर्षात ढिलं होतं.' 'दोनच माणसं असाल तर हा घेऊ नका, भात तळाला चिकटतो.' 'तुमचा जुना चांगला असेल तर गॅसकेट बदलून बघा, नवीन कशाला?' सगळ्यात वर ठळक अक्षरांत: 'सोमवारी बंद.'

"दाजी, वेबसाइट सोमवारी बंद नसते."

"मग माणसानं इसावा कवा घ्यायचा?"

बटणावर सगळे लोक 'आत्ताच खरेदी करा' असं लिहितात. दाजींनी लिहायला लावलं, 'घरात विचारलंसा? मग दाबा.'

आता मुख्य गोष्ट. ज्या कंपनीचा माल विकायचा तिच्या नियमांचं पान इंग्रजीत होतं आणि लांब होतं. मी अडखळत वाचत होतो, अडलेला शब्द फोनवर शोधत होतो. दाजी मांडी घालून ऐकत होते. एक नियम असा होता, की ठरलेल्या मुदतीत निदान तीन विक्र्या झाल्या नाहीत तर खातं बंद. दुसरा असा, की स्वतः किंवा नातेवाइकांनी घेतलेला माल धरला जाणार नाही.

"नातेवाईक म्हंजे? भावकी, का सोयरी?"

"दोन्हींना एकच शब्द आहे, दाजी."

"मामेसासऱ्याचा जावई आन सख्खा भाऊ, एकच शब्द?"

"हो."

"लई मोघम भाषा हाय." ते खिडकीपाशी गेले. बाहेर संध्याकाळची गल्ली होती, कुणी पाणी भरत होतं, कुणी पोराला बडवत होतं. त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. "मग ही गल्ली बाद."

"अख्खी?"

"अख्खी. सगळी सासरवाडी हाय."

मीही मान डोलावली. मला तोवर वाटत होतं, की एवढे सगळे दाजी म्हणतात म्हणजे सगळे आक्कांचे चुलत-मावस असणार.

त्याच दिवशी दाजी घरोघर गेले आणि प्रत्येकाला बजावून आले, की ऊनभातवरून कुणी कुकर घ्यायचा नाही. पप्पूदादांनी टेम्पोच्या टपावरून सगळ्या गल्लीला ऐकवलं, "गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन 'घेऊ नगा' सांगणारा पयला दुकानदार कोल्हापुरात पैदा झाला रेऽ!"

पहिली विक्री झाली तेव्हा दाजींनी मला वर्गातून बोलावून घेतलं. मला वाटलं कुणी आजारी आहे. येऊन बघतो तर पडद्यावर एक आकडा. दाजी त्या एकाकडे टक लावून बसलेले. "कोण असंल रे? वारणानगरच्या कॉलनीतलं नवीन जोडपं असंल. बाईचा भात करपत असंल. नंबर दे त्यांचा. कुकर लागला का नीट, ईचारतो."

गिऱ्हाईक कोण ते कंपनी सांगत नाही, असं म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. "गिऱ्हाईक दिसत न्हाई! हे कसलं दुकान म्हणायचं?"

त्यानंतर तो एक एकच राहिला. दिवस गेले. दाजी दहा वाजता इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून लॅपटॉपसमोर यायचे. खुर्चीवर बसायचे, उठायचे, पुन्हा बसायचे. एकदा म्हणाले, "ह्या दुकानात उभं कुठं ऱ्हायाचं त्येच कळंना." मुदत जवळ आली तसे ते बोलायचे कमी झाले. मला नुसतं विचारायचे, "पान उघडं हाय न्हवं?" मी म्हणायचो, उघडं आहे.

मी दोष जरा कमी करू या म्हणालो, बटण बदलू या म्हणालो. ते ऐकून घ्यायचे आणि तसंच ठेवायचे. फक्त एका दुपारी, मी काही न विचारताच म्हणाले, "आमचा मालक चांगला माणूस. पण दुकानाला शेवटचं कुलूप लावायला त्येनं मला लावलं. हात चालत न्हाई रे, कॉलेज. परत ती पाळी नगं."

हे कसं पसरलं ते मला माहीत नाही. आक्कांनी ऐकलं असेल. आक्कांनी ऐकलं म्हणजे सुशीलाकाकूंनी ऐकलं. पान तर सगळ्यांना उघडंच होतं.

एका सकाळी आकडा एकचा चार झाला. दुपारी सात. दाजी शर्टाच्या बाह्या वर सारत गच्चीवर आले. "वारणानगरवाल्यांनी सांगितलं असंल चार घरांत! तोंडी जाहिरात म्हणत्यात ती ही!" त्या दिवशी शिरा झाला. पप्पूदादा दोनदा मागून घेऊन खात होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

मग माल आला. सामान पोचवणाऱ्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. तो नवखा होता, त्याला घरं सापडत नव्हती. एकसारखी खोकी छातीशी धरून त्याने समोर दिसलेल्या पहिल्या माणसाला विचारलं, "काका, हे पत्ते सांगा की." ते दाजी होते.

दाजींनी चष्मा लावला. खोक्यावरचं नाव वाचलं. दुसरं वाचलं. तिसरं.

"हे चावीपलीकडचं घर," ते शांतपणे म्हणाले. "हे टेम्पोवाल्याचं. हे बापू पैलवानांचं, पायरी हाय, जपून. ह्येनला कुकर कशाला, हे दूध-भाकरी खात्यात."

त्यांनी त्याला सगळी घरं दाखवली आणि घरात जाऊन शर्ट बदलला.

कंपनीचा मेल आला तो दुसऱ्या दिवशी. इतक्या सगळ्या ऑर्डरी एकाच गल्लीतून कशा आल्या, असं त्यांनी विचारलं होतं. खातं थांबवलंय, ही माणसं तुमची नातेवाईक नाहीत एवढं लिहून द्या, म्हणजे पुन्हा चालू करू. नातेवाईक असतील तर नातं कळवा. मी वाचून दाखवेपर्यंत दाजींची पुढची खोली भरली. जागा नसलेले लोक खिडकीतून डोकावत होते.

"मग लिवा की!" पप्पूदादा म्हणाले. "हाय काय त्यात? आमी कुठं नातेवाईक हाय?"

मी चमकलो. "नाही?"

"न्हाई की. आक्काला सख्खं, चुलत, मावस, एक न्हाई. एकुलती एक. आमी शेजारी."

"माझं तर आडनावबी येगळं," सुशीलाकाकू म्हणाल्या. "मी सांगलीकडची. लिही, बाळा. खरं तेच लिहायचंय."

मला अतिशय हायसं वाटलं. कायद्याने सगळं सरळ होतं, खोटं काही लिहायचंच नव्हतं. मी इंग्रजी वाक्य जुळवलं, दोनदा तपासलं. दाजी म्हणाले, मराठीत सांग. मी सांगितलं, "यांपैकी कुणीही माझं नातेवाईक नाही."

दाजींनी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"बराबर हाय," बापू पैलवान खिडकीतून म्हणाले. "आमी तुमचं कोण न्हाई ओ, दाजी."

"कोणसुद्धा न्हाई, दाजी!" पप्पूदादा हात जोडून म्हणाले. "दुकान वाचवा. आईशपथ सांगतो, आमचा तुमचा काय संबंध न्हाई, दाजी!"

"आयुष्यात कदी संबंध न्हवता, दाजी," सुशीलाकाकूंनी शेवटचा हात मारला.

मी चहा आणायच्या निमित्ताने आत गेलो, कारण मला हसू आवरत नव्हतं. आक्का ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या.

"हे बोर्डिंगात वाढले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मागं-फुडं कोण न्हाई. आमच्या लग्नात नवऱ्याकडच्या पंगतीला बसायला माणूसच न्हवतं. पानं वाढून मोकळी. तर आमच्या आबांनी निम्मी गल्ली उठवून तिकडं नेऊन बसवली. म्हणाले, आजपासून तुमी पोराकडची."

मी चहा घेऊन बाहेर आलो. दाजी अजून त्या वाक्याकडेच बघत होते. इंग्रजी त्यांना येत नाही, तरी बोट त्याच ओळीवर होतं.

"खोड ते," ते म्हणाले.

"दाजी, खातं बंद होईल. आणि हे खोटं नाहीये."

"खोड. लिही, सगळी हैत."

खोलीत एकदम गडबड उडाली. पप्पूदादा काहीतरी ओरडले. दाजींनी हात वर केला. "दुकान गेलं तर गेलं. आसं लिहून देऊन चालवायचं दुकान मला नगं. कॉलेज, त्येंनी नातं कळवा म्हटलंय न्हवं? घे. पप्पू. मेव्हणा."

मी लिहिलं. बापू पैलवान, चुलत सासरे. मी लिहिलं. इंग्रजीत सगळ्याला शेवटी तेच ते दोन-तीन शब्द येत होते, म्हणून मी कंसात मराठी नातंही लिहीत गेलो. सुशीलाकाकूंपाशी दाजी म्हणाले, "मेव्हणी."

"मेव्हणी कशी? मी आक्कापेक्षा थोरली," काकू म्हणाल्या. "थोरली मेव्हणी लिही."

मी थोरली लिहिलं. मग खिडकीतले लोक स्वतःहून पुढे होऊन नाव सांगायला लागले. त्यांत कुकर न घेतलेलेही होते.

पानभर झाल्यावर माझ्या मनात आलं, की इतके सगळे आक्कांकडचेच झाले. नियमाप्रमाणे दोन्हीकडचे लिहायला हवेत. मी विचारलं, "दाजी, आणि तुमच्या बाजूचं कुणी लिहायचं का?"

दाजींनी चष्मा काढला आणि, वर्गात सोपं गणित चुकलेल्या मुलाकडे बघावं, तसं माझ्याकडे बघितलं.

"मग मगापासनं लिहालास ते कुणाच्या बाजूचं?"

दारात अजून दोघंजण थांबले होते, त्यांची नावं मी विचारून घेतली.